फरकाचा नकाशा

तुर्कूत नोव्हेंबरमध्ये चारच्या आतच अंधारतं.
हॉस्पिटलच्या तळघरात तसंही कळत नाही.
इथे ऊन म्हणजे पडद्यावरचे लाल-पिवळे डाग,
आणि ते किती उगवू द्यायचे
हे आम्हीच ठरवतो.

दोन नकाशे, शेजारी शेजारी.
डावीकडे झटक्यानंतर शब्द हरवलेले बावीस जण,
उजवीकडे त्यांच्याच वयाचे, बोलते, चोवीस.
डाव्या कानाच्या वर एक ठिपका धरायचा
आणि विचारायचं : तू चढलास की कोण चढतं?
तू उतरलास की कोण उतरतं?
ज्याचा ताल जुळतो त्याला रंग.
कोण कोणाला हलवतं ते नकाशा सांगत नाही;
एकाच वाऱ्यावर फुगलेली दोन शिडं
एकमेकांना ओळखत असतील असं थोडंच आहे?

यारी नवा आहे. खुर्ची सरकवून म्हणाला,
"दिसतंय की! उजवीकडे कपाळाशी लाल,
डावीकडे कोरं. झाला फरक."
म्हटलं, नाही झाला.
एक जण उंबऱ्याच्या बोटभर आत,
दुसरा बोटभर बाहेर;
म्हणून दोघांत कोसाचं अंतर धरायचं का?
वजाबाकी करावी लागते,
आणि परीक्षा त्या वजाबाकीची घ्यावी लागते.
त्याही आधी आकडे सरळ करून घ्यायचे,
कारण सहसंबंध एकच्या जवळ गेला
की पायरीला पायरी चिकटते,
पूर्ण जुळण्याच्या तोंडाशी
जागाच उरत नाही.
मी आकड्यांबद्दलच बोलत होते.

मग चिठ्ठ्या.
शेहेचाळीस माणसं, प्रत्येकावर एक : आजारी किंवा निरोगी.
यंत्र त्या काढून घेतं, पिसतं, पुन्हा वाटतं,
पाच हजार वेळा,
आणि दर वेळी मोजतं, आता किती फरक?
खरा फरक त्या गर्दीतून
डोकं वर काढत असेल तरच तोंड उघडायचं.

क्रमांक चौदा म्हणजे ओइवा.
फाइलमध्ये नाव नाही, मला माहीत आहे.
बेटांच्या फेरीबोटीवर तीस वर्षं दोर बांधले त्याने.
आता त्याच्यापाशी एवढंच उरलंय : नो नीन.
स्कॅनरमध्ये जाताना नो नीन, बाहेर येताना नो नीन,
कॉफी सांडली तेव्हाही.
आमच्या भाषेत त्यात बरंच मावतं :
चला, बरं, झालं एकदाचं, असू दे, बघा आता.
त्याच्या बायकोने, सिल्वीने, कोट चढवता चढवता विचारलं,
"याच्या डोक्याचं काय म्हणतो नकाशा?"
शितावरून भाताची परीक्षा जग करतं.
आमच्या भातात एकेक शीत विरघळून गेलेलं असतं,
हे तिला कसं सांगू?
"अजून मोजतोय," म्हणाले.

रात्री यंत्र एकटं पिसत होतं.
गरज नव्हती, तरी मी एक वाटप उघडलं,
दोन हजार तीनशे अकरावं.
चौदावर चिठ्ठी : निरोगी.
पाच हजारांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त जगांत
ओइवा निरोगीच होता,
दोर बांधत होता, रांगेतल्या गाड्यांवर ओरडत होता.
मग खाली पाहिलं.
क्रमांक एकतीस : आजारी.
एकतीस म्हणजे माझा नवरा.
बोलती माणसं कमी पडली म्हणून
मीच त्याला एका शनिवारी ओढून आणलं होतं.

घरी फोन लावला. बराच वेळ वाजला.
उचलून तो म्हणाला,
"नो नीन."
पुढचा शब्द येईपर्यंत
मी टेबलाची कड धरून होते.
"मासे संपलेत," तो म्हणाला, "येताना आण."

सकाळी निकाल. कपाळाचा लाल डाग
गर्दीत मिसळून गेला होता,
खऱ्या वाटपापेक्षा मोठा फरक
नऊशे वेळा नुसत्या पिसण्यातून निघाला होता.
यारीचा चेहरा पडला. तरी तो लिहायला बसला :
"दोन्ही गटांत फरक नाही."
मी त्याच्या हातावर हात ठेवला.
नाही असं लिहू नकोस.
सापडला नाही, असं लिही.